माग काढणारे अणू

बोरी अरबसारख्या गावातला किडनीचा पेशंट आधी दारव्ह्याला किंवा यवतमाळला जातो. तिथं सोनोग्राफी होते, रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं जातं. डावी किडनी सुजली आहे, मूत्रवाहिनीत कुठंतरी अडथळा आहे, एवढं सोनोग्राफीत दिसतं. क्रिएटिनिन मात्र नॉर्मल येऊ शकतं. एक किडनी थकली तर दुसरी तिचंही काम अंगावर घेते आणि रक्ताच्या रिपोर्टात सगळं आलबेल दिसत राहतं. सर्जनचा प्रश्न तिथंच अडतो. सुजलेल्या किडनीत अजून किती जीव आहे? अडथळा काढून ती वाचवायची, की ती काढूनच टाकायची? याचं उत्तर आकड्यात हवं असतं, म्हणून नागपूरची चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं डीटीपीए स्कॅन. तिथं गेल्यावर कळतं की शिरेतून किरणोत्सारी द्रव्य टोचणार आहेत, आणि घरचे दचकतात.

दचकणं स्वाभाविक आहे. पण शिरेतून दिलेलं ते द्रव्य कुठलाही आजार बरा करण्यासाठी नसतं. ते रक्तातून किडनीत जातं, तिथून लघवीत उतरतं आणि हा सगळा प्रवास बाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्याला दिसतो. शरीरात गेलेला पदार्थ कुठं जातो, किती वेळ थांबतो, कोणत्या वाटेनं बाहेर पडतो, हे विचारण्याची ही रीत ज्यांनी घालून दिली त्यांचं नाव जॉर्ज हेवेशी. ते डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. आणि त्यांची सुरुवात एका सपशेल फसलेल्या कामातून झाली.

हेवेशी यांचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी बुडापेस्टमधल्या एका श्रीमंत घरात झाला. घराणं मूळचं ज्यू, पुढं कॅथलिक झालेलं. आठ भावंडांत हे पाचवे. शिक्षण बुडापेस्ट, बर्लिन आणि फ्रायबुर्ग इथं झालं, १९०८ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर झुरिक, मग कार्ल्सरूहं इथं फ्रिट्झ हाबर यांच्याकडे काही काळ, आणि १९११ मध्ये मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत. अणूला केंद्रक असतं हे रदरफर्ड यांनी त्याच वर्षी मांडलं. अशा जागी हा पंचविशीतला तरुण येऊन पोचला होता.

रदरफर्ड यांच्याकडे ऑस्ट्रिया सरकारनं दिलेलं शेकडो किलो शिसं पडून होतं. युरेनियमच्या खनिजातून रेडियम काढून घेतल्यावर उरलेलं हे शिसं. त्यात रेडियम-डी नावाचा एक जोरदार किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता, पण एवढ्या शिशाच्या गर्दीत त्याचा काही उपयोग करता येत नव्हता. तो वेगळा काढायचं काम हेवेशी यांच्यावर आलं. त्यांनी माहीत असलेली प्रत्येक रासायनिक पद्धत वापरून पाहिली. जवळजवळ दोन वर्षं गेली. शिसं विरघळलं की रेडियम-डी विरघळायचं, शिशाचा साका बसला की त्याचाही बसायचा. कणभरसुद्धा फरक पडेना.

याचं कारण आज शाळेतल्या पुस्तकात असतं. रेडियम-डी हे शिसंच आहे, वेगळ्या वजनाचं. एकाच मूलद्रव्याचे असे जड-हलके भाऊ म्हणजे आयसोटोप, मराठीत समस्थानिक. रसायनाच्या दृष्टीनं ते एकच असतात, म्हणून रासायनिक युक्तीनं त्यांना वेगळं करता येत नाही. तेव्हा हे कुणालाच नीट उमगलेलं नव्हतं. दुसऱ्या एखाद्यानं अपयशाची नोंद करून विषय सोडला असता. हेवेशी यांनी प्रश्नच उलटा केला. हे दोन पदार्थ काही केल्या वेगळे होत नसतील, तर त्यांना मुद्दाम एकत्र करावं. साध्या शिशात चिमूटभर किरणोत्सारी शिसं मिसळलं, तर ते त्याला कधीच सोडणार नाही. आणि ते कुठं आहे हे किरणांवरून कळत राहील. मेंढ्यांच्या कळपात एकीच्या गळ्यात घुंगरू बांधावं, तसं. कळप दिसला नाही तरी आवाज येतो.

१९१३ मध्ये व्हिएन्नात फ्रिट्झ पानेथ यांच्याबरोबर त्यांनी या युक्तीचा पहिला शास्त्रीय वापर केला. शिशाची काही संयुगं पाण्यात इतकी कमी विरघळतात की कुठल्याही तराजूवर ते वजन येत नाही. घुंगरू बांधलेल्या शिशानं ते मोजून दिलं.

मँचेस्टरच्या दिवसांतला एक किस्सा हेवेशी पुढं आवडीनं सांगत. ते ज्या खाणावळीत राहत, तिथं उरलंसुरलं अन्न नवं रूप घेऊन परत ताटात येतं, असा त्यांना संशय होता. मालकीणबाई अर्थातच नाकारत. एके दिवशी त्यांनी ताटातल्या उष्ट्यावर किरणोत्सारी द्रव्याचा अगदी बारीक अंश टाकला. काही दिवसांनी विद्युत्दर्शी हे साधं उपकरण घेऊन ते जेवायला बसले, आणि समोरच्या नव्या पदार्थानं उपकरणाला हालचाल दिली. किस्सा खरा किती आणि रंगवलेला किती, हे सोडून देऊ. पोटात जाणाऱ्या वस्तूचा माग काढण्याची कल्पना मात्र त्यात पुरी आहे. आजच्या नियमांत असं करणारा माणूस नोकरीत राहणार नाही, हेही खरं.

पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात तांत्रिक कामावर होते. युद्धानंतर हंगेरीतल्या राजकीय उलथापालथीत तिथं राहणं अवघड झालं आणि १९२० मध्ये ते कोपनहेगनला मित्राकडे गेले. मित्र म्हणजे नील्स बोर. तिथं डर्क कोस्टर यांच्याबरोबर त्यांनी ७२ क्रमांकाचं मूलद्रव्य शोधलं, हाफ्नियम. डिसेंबर १९२२ मध्ये बोर स्टॉकहोमला नोबेल व्याख्यानाच्या तयारीत असताना ही बातमी त्यांना फोनवरून मिळाली. एखाद्याच्या आयुष्याला एवढं पुरलं असतं. आरोग्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं काम मात्र त्याच्या पुढच्याच वर्षी, शेंगेच्या रोपांवर झालं.

१९२३ मध्ये हेवेशी यांनी घेवड्याच्या जातीच्या रोपांची मुळं किरणोत्सारी शिशाच्या पाण्यात बुडवून ठेवली. हे शिसं साडेदहा तासांत निम्मं होणारं होतं, म्हणजे प्रयोग भराभर उरकावा लागे. बरंचसं शिसं मुळांतच अडकतं, पानांपर्यंत फार थोडं पोचतं, हे दिसलं. शिवाय रोप नंतर साध्या शिशाच्या पाण्यात ठेवलं की आधीचं शिसं सुटून बाहेर येतं, म्हणजे ते तिथं कायमचं चिकटून बसलेलं नसतं. सजीवात ट्रेसर वापरण्याची ही पहिली वेळ.

लगेच १९२४ मध्ये प्राण्यांची पाळी आली. त्या काळी उपदंशावर म्हणजे सिफिलिसवर बिस्मथची इंजेक्शनं देत. पेनिसिलिन यायला अजून बराच अवकाश होता. ही इंजेक्शनं गुण देत, पण बिस्मथ किडनीत साठतं आणि तिला इजा करू शकतं, ही मोठी अडचण होती. किती दिलं म्हणजे पुरे आणि किती दिलं म्हणजे घात, हे डॉक्टर अंदाजानंच ठरवत. कोपनहेगनचे त्वचारोगतज्ज्ञ स्वेन लोमहोल्ट आणि रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियानसेन यांच्याबरोबर हेवेशी यांनी किरणोत्सारी बिस्मथ प्राण्यांना टोचलं आणि ते शरीरात कसं फिरतं, कोणत्या अवयवात जातं, कसं बाहेर पडतं, हे पाहिलं. मग हेच शिशाबाबत केलं. किडनीचा स्कॅन करण्याआधी प्राण्यांवर जी पद्धत आजही वापरतात, तिचा हा आद्य नमुना. टोचायचं, ठरलेला वेळ थांबायचं, एकेक अवयव वजन करून मोजायचा, लघवी आणि विष्ठा वेगळी मोजायची, आणि शेवटी सगळी बेरीज टोचलेल्या मात्रेशी जुळते का बघायचं.

पण इथं मोठी अडचण होती. निसर्गात सापडणारे किरणोत्सारी पदार्थ शिसं, बिस्मथ, रेडियम यांच्यासारखे जड आणि शरीराला परके होते. शरीर ज्यांच्यापासून बनलं आहे ते कार्बन, फॉस्फरस, सोडियम, आयोडिन यांना घुंगरू बांधायची सोय नव्हती. विष कसं फिरतं हे कळत होतं. अन्न कसं फिरतं हे अजून कळत नव्हतं.

१९२६ पासून हेवेशी फ्रायबुर्गला प्राध्यापक होते. १९३४ मध्ये, नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडण्याच्या सुमारास, त्यांच्या हाती अमेरिकेतून हॅरोल्ड युरी यांनी पाठवलेलं थोडं जड पाणी आलं. हे पाणी किरणोत्सारी नसतं, फक्त त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो, त्यामुळे घनता काटेकोर मोजली तर ते ओळखू येतं. आधी सोनेरी माशांना अशा पातळ जड पाण्यात ठेवून पाहिलं. माशाच्या अंगातलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांची अदलाबदल सतत होत होती. मग एरिक होफर यांच्याबरोबर त्यांनी माणसाला असं पाणी पाजून पुढचे कित्येक दिवस लघवी गोळा केली आणि तिची घनता मोजली.

सकाळचा चहा दुपारी लघवीवाटे गेला, असं आपण सहज समजतो. तसं नसतं. प्यालेलं पाणी आधी शरीरातल्या चाळीसेक लिटर पाण्यात मिसळतं, आणि किडनी त्या सगळ्या साठ्यातून पाणी बाहेर टाकते. हेवेशी यांच्या मोजणीत प्यालेल्या पाण्यातलं निम्मं बाहेर पडायला सुमारे ९ दिवस लागले. पाण्याचा एखादा रेणू सरासरी १३ दिवस अंगात मुक्काम करतो. किडनीच्या कामाविषयी माणसाच्या शरीरात ट्रेसर घालून मिळालेलं हे फार सुरुवातीचं उत्तर, आणि तेही एका थेंबाचं रक्त न काढता.

त्याच १९३४ मध्ये पॅरिसला इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी कृत्रिम किरणोत्सार शोधला. आता हव्या त्या मूलद्रव्याचा किरणोत्सारी भाऊ बनवता येणार होता. हेवेशी कोपनहेगनला परतले होते. १९३५ मध्ये बोर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी १ लाख क्रोनरची वर्गणी जमवली आणि भेट म्हणून ६०० मिलिग्रॅम रेडियम विकत घेतलं. वाढदिवसाला रेडियम देणारा मित्र जगात दुसरा नसावा, आणि त्या भेटीचा पहिला उपयोग मित्रानं स्वतःच करून घेतला. रेडियम बेरिलियममध्ये मिसळलं की न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते गंधकयुक्त द्रवावर सोडले की गंधकाचा काही अंश किरणोत्सारी फॉस्फरस बनतो, १४ दिवसांत निम्मा होणारा. मोजणीसाठी गायगर काउंटर प्रयोगशाळेतच बनवले.

हा फॉस्फरस ओटो खिविट्झ या डॉक्टरांच्या मदतीनं उंदरांना दिला. उंदरांची लघवी आणि विष्ठा रोज मोजली, आणि नंतर अवयव व हाडं. त्या वर्षीच प्रसिद्ध झालेल्या या छोट्या निबंधानं हाडांविषयीची समजूत बदलली. हाड म्हणजे एकदा बांधलं की उभं राहणारी भिंत, असं मानलं जाई. प्रत्यक्षात हाडातला फॉस्फरस सतत सुटतो आणि नवा बसतो. उंदराच्या अंगात फॉस्फरसचा एक अणू सरासरी दोन महिनेच राहतो. उंदीर तोच दिसतो, पण त्यातलं द्रव्य बदलत राहतं. हे कळायला उंदीर मारावे लागले, ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. माणसाच्या हाडाचा तुकडा रोज काढून मोजता येत नव्हता.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं तेव्हा हेवेशी बोर यांच्या संस्थेतच होते. माक्स फॉन लाऊए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं तिथं सांभाळायला ठेवलेली होती. सोनं जर्मनीबाहेर पाठवणं हा त्या वेळी गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली होती. पुरून ठेवली तर उकरून काढतील, अशी बोर यांना भीती. हेवेशी यांनी ती दोन्ही पदकं आम्लराजात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, विरघळवून टाकली. सोनं विरघळायला वेळ घेतं आणि बाहेर सैनिक कवायत करत होते. ती नारिंगी द्रवाची बाटली फळीवर इतर बाटल्यांत ठेवली. संस्थेची झडती झाली, तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. युद्धानंतर त्या द्रवातून सोनं परत मिळालं आणि नोबेल संस्थेनं पदकं नव्यानं ओतून दिली.

१९४३ मध्ये डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली तेव्हा हेवेशी स्वीडनला निसटले. त्याच वर्षाचं रसायनशास्त्राचं नोबेल, जे प्रत्यक्षात १९४४ मध्ये जाहीर झालं, त्यांना ट्रेसर पद्धतीसाठी मिळालं. पुढची वर्षं स्टॉकहोममध्ये गेली. ५ जुलै १९६६ रोजी फ्रायबुर्ग इथं त्यांचं निधन झालं. होमी भाभा त्याच वर्षीच्या जानेवारीत विमान अपघातात गेले होते.

भाभांचं नाव इथं उगाच आलेलं नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली आणि भारतात आयसोटोप बनवणं शक्य झालं. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. आज वाशीचं बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी देशभरच्या रुग्णालयांना किरणोत्सारी द्रव्यं पुरवतं. हेवेशी यांच्या शिशापासून या ठिकाणापर्यंत यायला एक दुवा हवा होता, तो टेक्नेशियमचा. ४३ क्रमांकाचं हे मूलद्रव्य १९३७ मध्ये इटलीत सापडलं. त्याचा एक प्रकार ६ तासांत निम्मा होतो आणि शरीराबाहेरून टिपता येतील असे गॅमा किरण सोडतो. नागपूरला रोज मुंबईहून तो आणायचा म्हटलं तर बराचसा वाटेतच संपेल. म्हणून त्याची आई पाठवतात, मॉलिब्डेनम. तो निम्मा व्हायला ६६ तास लागतात. शिशाच्या जाड डब्यात तो येतो, आणि रुग्णालयात रोज सकाळी त्यावरून मिठाचं पाणी सोडून त्यात तयार झालेला टेक्नेशियम काढून घेतात. या डब्याला तिथले लोक गाय म्हणतात, आणि कामाला दूध काढणं. आठवड्याला नवी गाय येते.

नुसता टेक्नेशियम किडनीत जात नाही. तो थायरॉईड आणि जठराकडे धावतो. त्याला किडनीत न्यायचं तर अशा रसायनाला बांधावं लागतं ज्याची वाट किडनीतूनच जाते. डीटीपीए किडनीच्या गाळणीतून गाळला जातो आणि थेट लघवीत उतरतो. डीएमएसए उलट किडनीच्या सालीत चिकटून बसतो, म्हणून लहान मुलांच्या किडनीवर जंतुसंसर्गाचे व्रण राहिलेत का ते त्यात दिसतं. एखादं नवं रसायन यांच्यासारखं वागेल की नाही, हे परीक्षानळीत पाहून कळत नाही. बांधलेला टेक्नेशियम रक्तात सुटला तर? रसायन रक्तातल्या प्रथिनांना चिकटलं तर?

इथं हेवेशी यांची १९२४ ची रीत पुन्हा येते. उंदराच्या शेपटीच्या शिरेत नव्या द्रव्याची ठरावीक मात्रा टोचतात. काहींना दहा मिनिटांनी, काहींना तासाभरानं, काहींना त्याहून उशिरा मारून रक्त, यकृत, जठर, थायरॉईड, दोन्ही किडन्या आणि लघवी वेगळी मोजतात. टोचलेल्यापैकी कुठं किती टक्के गेलं याचा तक्ता तयार होतो. तो वाचणाऱ्याला बरंच सांगतो. जठर आणि थायरॉईडचा आकडा वाढला तर बांधणी सुटली आहे. यकृतात जास्त गेलं तर द्रव्याचे गोळे झाले असावेत, किंवा ते पित्तावाटे जात असावं. आणि माणसाची उजवी किडनी यकृताला लागूनच असल्यानं पुढं स्कॅनमध्ये तिचा आकडा खोटा निघेल. रक्तात रेंगाळलं तर चित्र धूसर येईल. उंदीर आणि माणूस यांच्या किडन्या हुबेहूब सारख्या वागत नाहीत, त्यामुळे उंदरात उत्तम ठरलेलं द्रव्य माणसात मागे पडू शकतं. म्हणून ससा, कुत्रा अशा दुसऱ्या प्राण्यांतही पाहतात, आणि माणसावर सावकाश जातात. आपल्याकडे संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. लहान प्राण्यांसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यांमुळे एकाच उंदराची पुन्हा पुन्हा तपासणी होऊ लागली आहे, त्यामुळे मारायच्या प्राण्यांची संख्या कमी करता येते.

नागपूरच्या त्या खोलीत पेशंटला आधी भरपूर पाणी पाजतात, मग उताणं झोपवतात. गॅमा कॅमेरा पाठीच्या बाजूला असतो. इंजेक्शन दिल्यावर अर्धा तास हलायचं नाही. मध्येच लघवी वाढवणारं दुसरं औषध देतात, आणि अडकलेलं द्रव्य त्यानं खाली उतरतं का ते पाहतात. उतरलं तर सूज आहे पण खरा अडथळा नाही. नाही उतरलं तर शस्त्रक्रियेचा विचार. संगणकावर दोन रेषा उमटतात, दोन किडन्यांच्या. निरोगी माणसात कामाची वाटणी साधारण निम्मीनिम्मी, म्हणजे ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत असते. सुजलेल्या किडनीचा वाटा ३५ टक्के निघाला तर तिच्यात राखण्यासारखं बरंच आहे. तो ५ टक्के निघाला, तर चर्चा वेगळी होते.

यात शरीराला बसणारा किरणोत्सार साधारण एक-दोन मिलिसिव्हर्ट असतो. जगातला कुठलाही माणूस माती, हवा, अन्न आणि आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट घेतोच. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं मात्र आधी सांगायलाच हवं. आणि स्कॅननंतर दिवसभर पाणी जास्त पिऊन वारंवार लघवीला जायचं, त्या दिवशी तान्ह्या मुलाला फार वेळ कुशीत घेऊन बसायचं नाही.

सकाळी दहाला इंजेक्शन घेतलेला पेशंट यवतमाळमार्गे रात्री दहाच्या सुमारास बोरी अरबला पोचतो, तोवर टेक्नेशियमचे सहा तासांचे दोन टप्पे उलटलेले असतात. आपोआपच चौथाई उरलेला, आणि त्यातलाही बहुतेक वाटेतच, बस थांबली तिथं तिथं, बाहेर पडलेला.